शंभर त्रिकोण आणि हरवलेला दीपस्तंभ

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: मंगेशीच्या देवळाचा, समोरच्या सात मजली दीपस्तंभासकट पावसाळ्यात काढलेला एक फोटो आहे, 900 बाय 1200 पिक्सेलचा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तो शंभर अर्धपारदर्शक त्रिकोणांतून पुन्हा उभा करायचाय. पायथनमध्ये जेनेटिक अल्गोरिदम (चित्रांत दैवावर बदल करत, बरी तेवढी पिढ्यान्‌पिढ्या टिकवत नेणारा प्रोग्राम) लिहिला, पॉप्युलेशन, म्हणजे एका पिढीतली चित्रं, 100 ठेवली, रात्री दहाला प्रोग्राम सुरू करून झोपलात. सकाळी आठला उठून बघता तर 1800 पिढ्या झालेल्या आणि पडद्यावर चिखलाच्या रंगाचा गोळा. आभाळ थोडंफार आलंय, छपराचा लाल डाग ओळखू येतो, दीपस्तंभाचा मात्र पत्ता नाही. आता पॉप्युलेशन 500 करू का, म्युटेशन रेट (दर खेपेला किती आकडे बदलायचे ते प्रमाण) किती ठेवू, की सरळ जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) घेऊ, असं विचारताय.

जीपीयूचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. पॉप्युलेशन वाढवलीत तर गोळा आणखी चिखलाचा होईल.

माझं म्हापशात साइनबोर्ड आणि व्हिनाइल कटिंगचं दुकान आहे, त्याआधी काही वर्षं प्रोग्रॅमिंगची नोकरी केली. फोटोवरून मोजक्या आकारांचं चित्र काढणं हा आधी छंद होता, मग गिऱ्हाइकं मागायला लागली: कुणाला होमस्टेच्या भिंतीवर, कुणाला गेटवर, कुणाला वेबसाइटचा मोठा फोटो उतरेपर्यंत दाखवायला हलकं चित्र. त्यामुळे पुढे लिहितोय ते पुस्तकापेक्षा दुकानातलं जास्त आहे, आणि त्याला दुकानाच्या मर्यादाही आहेत.

तुमच्या अडचणी दोन आहेत आणि त्या एकमेकींत गुंतल्यात. पहिली, तुमचा प्रोग्राम फार कमी प्रयत्न करतोय. दुसरी, तो ज्याला ‘चांगलं’ समजतो आणि तुम्ही ज्याला चांगलं समजता, त्यात फरक आहे. पहिली सुटली की चिखल जाईल. दीपस्तंभ यायचा तर दुसरी सोडवावी लागेल.

आधी पहिलीचा हिशोब करू. एक चित्र रंगवून फोटोशी ताडून बघणं म्हणजे एक चाचणी. 1800 पिढ्या गुणिले 100, म्हणजे 1 लाख 80 हजार चाचण्या. दहा तास म्हणजे 36,000 सेकंद. सेकंदाला फक्त पाच. आता 2008 सालच्या डिसेंबरात रॉजर योहान्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरने मोनालिसाचा जो प्रयोग दाखवला, ज्यामुळे हा सगळा खेळ लोकप्रिय झाला, त्यात आकार होते फक्त 50 अर्धपारदर्शक बहुभुज, आणि गाजलेलं चित्र होतं 9,04,314 व्या पिढीचं. त्याच्या प्रयोगात एका पिढीत एकच नवं चित्र तपासलं जायचं, म्हणजे पिढी आणि चाचणी एकच. तुमच्या पाच-प्रति-सेकंद वेगाने तिथवर पोचायला दोन दिवसांहून जास्त लागतील, आणि तुमचे त्रिकोण तर दुप्पट आहेत. तेव्हा तुमचा अल्गोरिदम चुकलाय असं अजून म्हणताच येत नाही. त्याला पुरेसे प्रयत्नच करू दिलेले नाहीत.

वेग वाढवायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फोटो लहान करणे. 150 बाय 200 करा. पिक्सेल 10 लाख 80 हजारांवरून 30 हजारांवर येतात, म्हणजे छत्तीस पट कमी. ‘बारकावे जातील’ ही भीती नको. शंभर त्रिकोणांत जे मावतं ते 200 पिक्सेल उंचीच्या फोटोत आरामात दिसतं. चिऱ्याच्या भिंतीचा खरखरीतपणा तसाही यायचा नव्हता. शेवटी त्रिकोणांचे कोपरे सहाने गुणायचे की चित्र हव्या त्या आकारात, धारदार काढता येतं. मी तर फोटो लहान करण्याआधी थोडा धूसरही करतो. माडाच्या झावळ्या, पागोळ्या, गर्दीतल्या छत्र्या यांच्यामागे त्रिकोण वाया जाऊ नयेत म्हणून.

दुसरा उपाय थोडा कष्टाचा, पण खरा फायदा तिथे आहे. तुम्ही एका त्रिकोणाचा एक कोपरा हलवता आणि संपूर्ण चित्र नव्याने रंगवून संपूर्ण फोटोशी ताडून बघता. बदललंय काय? त्या त्रिकोणाची जुनी जागा आणि नवी जागा, बस. दोन्हींना सामावणारा चौकोन काढा, तेवढाच भाग रंगवा, तेवढ्याच भागातली जुनी चूक (फोटोशी असलेला फरक) एकूण बेरजेतून वजा करा आणि नवी मिळवा. पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीत प्रत्येक त्रिकोणासाठी पूर्ण आकाराचा थर बनवून एकावर एक चढवत असाल (पाच-प्रति-सेकंद म्हणजे बहुधा तेच चाललंय), तर ते थांबवा. त्रिकोण रंगवण्याचं आतलं लूप नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या अॅरेवर स्वतः लिहा आणि नंबा या वेग वाढवणाऱ्या साधनाने कंपाइल करून घ्या. एवढं केल्यावर माझ्या साध्या लॅपटॉपवर सेकंदाला दोन-तीन हजार चाचण्या होतात. तुमची अख्खी रात्र एक-दीड मिनिटात उरकते.

आता म्युटेशन रेटकडे येतो, कारण खरा प्रश्न तुम्ही तोच विचारलाय. एका त्रिकोणाला सहा आकडे कोपऱ्यांचे, तीन रंगाचे, एक पारदर्शकतेचा: दहा. शंभर त्रिकोणांचे हजार. तुम्ही 5 टक्के रेट ठेवलाय, म्हणजे दर खेपेला सरासरी पन्नास आकडे बदलतात. चित्र जरा जमायला लागलं की पन्नास आंधळ्या बदलांतले काही सुधारतील, बरेचसे बिघडवतील, आणि एकूण बेरीज जवळजवळ नेहमी तोट्यातच जाईल. स्वयंपाकात मीठ कमी पडलं म्हणून कुणी डब्यातले पन्नास जिन्नस एकदम मागेपुढे करत नाही. एका वेळी एका त्रिकोणाची एकच गोष्ट बदला: एक कोपरा, नाहीतर त्याचा थर वरखाली, नाहीतर पारदर्शकता.

बदल केवढा करायचा याला जुना आधार आहे. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेशेनबर्गने 1964 मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात बिजागऱ्यांनी जोडलेल्या पट्ट्या ठेवून, त्यांचे कोन दैवावर सोडून बदलत, हवेचा अडथळा कमी करत नेला होता. एक पालक, एक अपत्य, बरं असेल ते ठेवा. त्यातून पुढे त्याने एकपंचमांश नियम मांडला: पाचातल्या एकाहून जास्त बदल यशस्वी होत असतील तर पाऊल मोठं करा, कमी होत असतील तर लहान. नियम सुंदर आहे, पण आपल्या चित्रांना जसाच्या तसा लावू नका. तो गुळगुळीत उतारांसाठी काढलेला आहे. आपल्याकडे सुरुवातीला दहातला एखादा बदल टिकतो, शेवटी शेवटी पाचशेतला एक. नियम अक्षरशः पाळला तर पाऊल अर्ध्या पिक्सेलच्याही खाली जाऊन तिथेच बसतं. मी एक पिक्सेलची किमान मर्यादा घालतो, आणि दर वीस प्रयत्नांत एकदा आख्खा त्रिकोण उचलून भलत्याच ठिकाणी टाकून बघतो. बहुतेक वेळा तो परतच घ्यावा लागतो. कधीतरी मात्र तोच नेमका जागी बसतो.

रंग तर उत्क्रांत करायलाच नको, हे मला फार उशिरा सुचलं. त्रिकोण कुठे आहे हे ठरलं, पारदर्शकता ठरली आणि चूक फरकांच्या वर्गांच्या बेरजेने मोजायची ठरली की सर्वांत चांगला रंग सरळ गणिताने निघतो. सगळ्यात वरच्या त्रिकोणाचं उदाहरण घ्या. पारदर्शकतेचा आकडा 0.5 आहे, खालचं चित्र एका पिक्सेलला 100 आहे आणि मूळ फोटोत तिथे 160 हवंय. फरक 60, तो 0.5 ने भागला की 120, त्यात 100 मिळवले की 220. त्रिकोणाखालच्या प्रत्येक पिक्सेलसाठी हा आकडा काढून सरासरी घ्या, 0 ते 255 मध्ये बसवा, झाला रंग. लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलना तीनदा. हजारातले तीनशे आकडे शोधायचे राहतच नाहीत. पारदर्शकता एकच ठरवून टाकलीत, तर आणखी शंभर गेले. उरले सहाशे, सगळे कोपऱ्यांचे.

इथे ‘तुम्हाला हे कशासाठी हवंय’ हा प्रश्न मध्ये येतो, कारण माझी सगळी उत्तरं त्यावर बदलतात. पडद्यावर बघायचं असेल तर अर्धपारदर्शक त्रिकोण उत्तम, शंभरातूनही छटा मिळतात. व्हिनाइलमध्ये कापायचं असेल तर पारदर्शकता विसरा. दुकानात सात-आठ रंगांचे रोल असतात, तेवढ्यातच भागवायचं, आणि रंग काढण्याऐवजी त्यातला जवळचा निवडायचा. शिवाय सुईसारखे निमुळते त्रिकोण अजिबात चालत नाहीत. पहिल्याच पावसात त्यांची टोकं उचलतात आणि गिऱ्हाईक फोन करतं. म्हणून मी 15 अंशांहून लहान कोन असलेला त्रिकोण प्रोग्राममध्येच नाकारतो. गंमत म्हणजे पडद्यावरची चित्रंही त्याने सुधारली, कारण सुईसारखे त्रिकोण स्थानिक चूक जेमतेम भागवतात आणि मग तिथून हलत नाहीत. एकदा एकाला पणजीतल्या जुन्या घरांवर दिसतात तशा निळ्या अझुलेजो टाइलवर चित्र हवं होतं. तिथे एकच रंग, फक्त गडद-फिकट, म्हणून तीनऐवजी एकाच चॅनलवर काम झालं.

प्रोजेक्टचं नाव तुम्ही ‘जेनेटिक अल्गोरिदम’ ठेवलंय. क्रॉसओव्हरबद्दल (दोन पालक-चित्रांचे त्रिकोण मिसळून अपत्य बनवणं) विचारलं नाहीत, पण कोडमध्ये तो आहे, आणि चिखलाचं अर्धं पाप त्याचं. एका चित्रात सातवा त्रिकोण आभाळाचा आहे, दुसऱ्यात सातवा त्रिकोण पायऱ्यांचा. पहिल्याचे एक ते पन्नास आणि दुसऱ्याचे एक्कावन्न ते शंभर घेतले की अपत्याला दोन आभाळं मिळतात आणि पायऱ्या मिळतच नाहीत. वरून त्रिकोण अर्धपारदर्शक आणि थरांत. प्रत्येकाचा रंग त्याच्या खाली काय आहे त्यावर बेतलेला. खालचं बदललं की वरचे सगळे खोटे पडतात. म्हणून योहान्सनच्या प्रयोगासारखा एक पालक, एक अपत्य हा साधा मार्ग इथे भरवशाचा ठरतो. त्या प्रयोगाला जेनेटिक म्हणायचं की नुसतं टेकडी चढणं, यावर तेव्हाही लोक भांडले होते. मला विचाराल तर ती 1964 च्याच पठडीतली उत्क्रांती आहे. पॉप्युलेशन आणि क्रॉसओव्हरची परंपरा जॉन हॉलंडची, त्याचं पुस्तक 1975 चं.

तुमच्या गाइडना क्रॉसओव्हर हवाच असेल, तर तो यादीवर करू नका, चित्रावर करा. चित्रातून कुठेही एक आडवी-तिरपी रेघ मारा. ज्यांचा मध्यबिंदू रेघेच्या एका बाजूला आहे ते त्रिकोण एका पालकाचे घ्या, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्याचे. संख्या शंभराच्या वर गेली तर सर्वांत निरुपयोगी काढा, कमी पडली तर नवे टाका. मग त्याची तुलना एक-पालक पद्धतीशी करा, पण पिढ्यांवर नाही, चाचण्यांच्या संख्येवर. दोघांनाही पाच-पाच लाख चाचण्या द्या, वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) निदान पाच-पाच वेळा चालवा. तोंडी परीक्षेत हा तक्ता तुमच्या उपयोगी पडेल.

आता दीपस्तंभ. तो हरवला हे ऐकून मला हसू आलं, कारण माझ्याकडून तसाच एक क्रूस हरवला होता आणि गिऱ्हाइकाने तो शोधायला लावला होता.

तुमच्या फोटोत स्तंभ फिकट आहे आणि मागचं आषाढातलं आभाळही फिकट. समजा दोघांत प्रत्येक चॅनलला 20 चा फरक आहे. वर्ग 400. छपराचा लाल आणि त्यामागची हिरवी झाडी यांत समजा 90 चा फरक, वर्ग 8100. म्हणजे छपराचा एक चुकलेला पिक्सेल प्रोग्रामला स्तंभाच्या वीस पिक्सेलांएवढा महाग वाटतो. त्यात लहान केलेल्या फोटोत स्तंभ वीसेक पिक्सेल रुंद आणि एकशेदहा उंच, म्हणजे 2200 पिक्सेल. 30 हजारांतले सात टक्के. प्रोग्रामच्या नजरेतून स्तंभ पुसून तिथे आभाळ पसरवणं हा फायद्याचाच सौदा आहे. मंगेशीचं आवार आपल्या मनात स्तंभासकटच येतं, पण ते त्याला कोण सांगणार? तुम्हीच.

तर एक मास्क बनवा, म्हणजे कुठल्या भागाला किती महत्त्व ते सांगणारं काळं-पांढरं चित्र. लहान केलेला फोटो गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडा, त्यावर काळा थर घ्या, स्तंभ आणि शिखर पांढऱ्याने रंगवा, कडा धूसर करा. चूक मोजताना पांढऱ्या भागातल्या पिक्सेलचा वर्ग पाचाने गुणा, काळ्या भागातला एकने, मधल्याचा त्या प्रमाणात. माझ्या अनुभवात चार ते सहा पुरतं. दहाच्या वर गेलं की स्तंभ सुरेख येतो आणि देऊळ कोसळतं. चेहऱ्यांना हाच उपाय: डोळे आणि ओठ यांना वजन द्या, गालांना नको. एक गोष्ट विसरू नका, मघाशी सांगितलेली रंगाची सरासरीही आता वजन लावून घ्यायची. पहिल्यांदा मी ती तशीच ठेवली होती, आणि प्रोग्राम स्वतःशीच भांडत बसला: कोपरे एका मापाने हलत होते, रंग दुसऱ्या मापाने भरत होते.

वर्गाऐवजी नुसता फरक बेरजेला घ्यावा का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घेऊ शकता. वर्ग मोठ्या चुकांना जास्त शिक्षा देतो, म्हणून रंग सरासरीकडे झुकतात आणि कडा मऊ होतात. नुसता फरक मध्यकाकडे झुकतो आणि कडा कडक येतात. व्हिनाइलसाठी मला दुसरं आवडतं. पण मग रंगाचं सोपं सूत्र हातचं जातं, मध्यक काढावा लागतो, वेळ वाढतो. पहिल्या प्रोजेक्टला वर्गच ठेवा. आरजीबीऐवजी (लाल-हिरवा-निळा) डोळ्याला जवळचं असं लॅब रंगमापन वापरलं तर फरक पडतो, विशेषतः हिरव्या छटांत, पण मास्कच्या मानाने तो बेताचा.

सुरुवात कुठून करायची? शंभर आडवेतिडवे त्रिकोण टाकून करू नका. त्यांचा चिखल निस्तरण्यातच पहिले लाखभर प्रयत्न जातात. फोटोच्या सरासरी रंगाचा सपाट कॅनव्हास घ्या आणि एकेक त्रिकोण वाढवत जा. दर वेळी शंभर-दोनशे यादृच्छिक त्रिकोण तपासा, त्यातला बरा निवडा, त्याचे कोपरे थोडे हलवून सुधारा, ठेवा, पुढचा घ्या. मायकल फोगलमनच्या 2016 मधल्या ‘प्रिमिटिव्ह’ या मुक्त प्रोग्रामची पद्धत साधारण हीच, आणि काही मिनिटांत ओळखीचं चित्र मिळतं. दोष एकच, आधी बसलेले त्रिकोण पुन्हा हलत नाहीत, आणि पहिला भलामोठा आभाळाचा त्रिकोण शेवटपर्यंत आपली चूक मिरवत राहतो. म्हणून मी असे शंभर बसवून घेतो आणि त्यानंतर सगळ्यांना मोकळं सोडून एक-पालक पद्धतीने काही लाख प्रयत्न चालवतो. त्या दुसऱ्या टप्प्यात मधून मधून प्रत्येक त्रिकोण काढून बघतो. काढल्याने चूक फारशी वाढत नसेल तर तो फुकटखाऊ, त्याला हाकलून जागा नव्याला. तुमच्या शंभरांत असे दहा-पंधरा तरी लपलेले असतील, पूर्ण झाकलेले किंवा चित्राबाहेर सरकलेले.

चूक बराच वेळ हलली नाही तर लगेच अडकलो समजू नका. आलेख लॉग मापावर काढा. सरळ रेघेने हळू उतरत असेल तर उतरू द्या. खरंच सपाट झाला तर थोडा बिघाडही अधूनमधून स्वीकारायचा, आणि ती सूट हळूहळू कमी करत न्यायची. धातू तापवून सावकाश थंड करण्याच्या धर्तीवरची ही युक्ती 1983 पासून प्रसिद्ध आहे. मला तिची गरज क्वचित पडते. फुकटखाऊ काढले की बहुतेक वेळा भागतं.

आणि दर हजार प्रयत्नांनी त्रिकोणांची यादी सीडसकट साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहीत जा. जूनच्या एका रात्री वादळात लाइट गेली आणि लॅपटॉपची म्हातारी बॅटरी दहा मिनिटांत मेली, तेव्हा माझी अकरा तासांची मेहनत गेली. सेव्ह करायचं कोड ‘उद्या लिहू’ म्हणून मीच ठेवलं होतं.

आज संध्याकाळी एवढंच करा: फोटो 150 बाय 200, एक पालक, एका वेळी एक बदल, रंग गणिताने. मास्क उद्या. आणि परत लिहाल तेव्हा चित्राआधी सेकंदाला किती चाचण्या होतात तो आकडा कळवा. तो पाचशेच्या खाली असेल तर रंगवण्याचं लूप आधी पाठवा, बाकीचं मग बघू.